कोयता धार लावायला पाठवला. ४,२५० रुपये गेले आणि कोयताही वाया गेला

आमच्या आजोबांचा कोयता राजापूरकडच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला. पन्नासेक वर्षं नारळ, बांबू, कवळ तोडून पातं झिजलेलं, मूठ हलायला लागलेली. बाबांनी तो माझ्याकडे पुण्याला दिला, "बघ, नीट होतोय का." गंजक्या सुऱ्या आरशासारख्या करून दाखवणाऱ्या एकाचे व्हिडिओ मोबाईलवर दिसले, त्याला कुरिअर केला. आता जो तो विचारतो, अनोळखी माणसाला दिलास कशाला? अहो, आमच्या भागात लोहार राहिलाय कुठे? धारवाला येतो तो कात्र्या-सुऱ्यांचा.

आधी ६०० ॲडव्हान्स. मग "पातं मऊ आहे, पाणी द्यावं लागेल", म्हणजे तापवून बुडवून कडक करावं लागेल, म्हणून १,४५०. मऊ पात्याने पन्नास वर्षं बांबू तुटतो का? हेही मला सुचलं नाही. शेवटी "परत मिळणारी" अनामत २,२००, ती भरल्याशिवाय कोयता निघणार नाही. परत मिळणारी म्हटलं की समजून जा.

ती भरायच्या आदल्या रात्री त्याने काम चालू असल्याचा व्हिडिओ पाठवला होता. मशीनच्या पट्ट्यावर पातं दाबून धरलेलं, ठिणग्या उडतायत, जवळपास पाण्याची बादली नाही, आणि धारेलगत बोटभर निळी पट्टी. गावचा लोहार दोन घासे मारले की पातं पाण्यात बुडवायचा, हे मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय. पोलाद निळं पडलं म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापलं, पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मला माहीत होतं! तीनदा व्हिडिओ बघितला आणि तरी पैसे टाकले. कोयता त्याच्या ताब्यात होता, करणार काय?

आला तो चकचकीत. पहिल्याच नारळाच्या सोडणाला धार दुमडली, नखाला लागते. अनामत मागितली तर त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तिथे मात्र मी थांबलो.

सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. पोलीस चौकीत गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न, "कोयता कशाला लागतो तुम्हाला?" कोयता गँगमुळे पुण्यात कोयत्याचं नाव काढलं की काय होतं ते माहीत आहे, पण आजोबांच्या कोयत्यासाठी माझीच अर्धा तास उलटतपासणी? वर म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली?" ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तर त्यांनी बिल मागितलं. बिल दिलं असतं तर तो माणूस सापडला नसता का?

बिल नसेल तर वस्तू हातातून सोडू नका. गंज रॉकेल लावून रात्रभर ठेवला की सैल होतो, काथ्याने घासा. धार कानशीने काढा, मग पाणी लावून धारेच्या दगडावर फिरवा. मशीनवर द्यायचंच असेल तर समोर उभे राहा.

गावच्या लोहाराचा मुलगा म्हणतोय, निळं झालेलं सगळं घासून पुन्हा पाणी द्यावं लागेल, पातं आणखी अर्धा बोट कमी होईल. गणपतीला घेऊन जातोय. बाबांना अजून ६०० रुपयेच सांगितलेत.