निसर्गचित्रासाठी फुकटचे फोटो: मी विकिमीडिया कॉमन्सवरच का राहिले

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून माझं स्पॉटवर जाऊन चित्र काढणं जवळजवळ बंद झालंय. आता निसर्गचित्रं फोटोंवरूनच. अट एकच: चित्र विकलं, प्रदर्शनात लावलं, तरी उद्या कोणी ‘फोटो माझा होता’ म्हणत दारात येता कामा नये.

सुरुवातीला मीही एका चकचकीत फुकट फोटोंच्या साइटवर पडीक असायचे. तिथलं एक धुक्यातलं तळं, मधोमध लाकडी धक्का, मागे सुळके. तीन दिवस खपून काढलं. प्रदर्शनात लावायला गेले, तर समोरच्या भिंतीवर तेच तळं, तोच धक्का, फक्त तैलरंगात! त्या बाईंची नि माझी नजरानजर झाली आणि दोघींनाही हसू फुटलं. कायद्याने कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पण असल्या फोटोत आपल्याला करायला काही उरलेलंच नसतं. रचना फोटोवाल्याची, प्रकाश त्याचा, जांभळं आकाशसुद्धा त्यानेच आणखी जांभळं केलेलं. आपण नुसते नक्कलकारकून.

मग विकिमीडिया कॉमन्सवर गेले. विकिपीडियावाल्यांचंच हे फोटोंचं, २००४ पासूनचं भांडार, १० कोटींच्या वर फाइली. इथले बरेचसे फोटो, सरळच सांगते, रटाळ असतात. भरदुपारी काढलेले, क्षितिज जरा तिरकं, कडेला कुंपणाचा खांब. मला नेमके तेच हवे असतात. काठाची माती पाण्याला भिडते तिथे कशी काळपट होते, गवत मुळाशी कुठल्या रंगाचं असतं, हे देखण्या फोटोत धुक्याखाली गेलेलं असतं. शिवाय एकाच डोंगराचे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ऋतूंत काढलेले फोटो एकाच कॅटेगरीत मिळतात. एकातून उतार घ्यायचा, दुसऱ्यातून ढग, तिसऱ्यातून पायवाट. सूर्य मात्र एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर सावल्या आपसांत भांडतात.

बऱ्याच फोटोंच्या पानावर खाली कॅमेऱ्याची माहितीही असते. तिथे भिंगाचं केंद्रांतर १८ मिमी दिसलं की मी सावध होते. रुंद भिंगात पुढचा दगड राक्षस होतो आणि मागच्या डोंगराचा उंदीर. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं तर तोच डोंगर अंगावर येतो. म्हणून कागदावर मी त्याला दीडपट करून घेते. सावल्यांचीही तीच रड. उन्हातल्या फोटोत झाडाखाली काळा डबरा दिसतो. तसाच काळा लावलात तर चित्राला भोक पडलंच समजा. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी पातळ कालवून सोडते आणि ओलं असतानाच खालून मातीचा रंग त्यात चढू देते.

लायसन्स मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. ‘फुकट’ म्हणजे ‘मोकळा’ नव्हे. व्यापारी वापराला किंवा बदल करायला मनाई असलेलं लायसन्स कॉमन्सवर चालतच नाही, ही मोठी सोय. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, तयार लायसन्सांचा एक संच. त्यातलं सीसी झीरो (फोटोवाल्याने सगळे हक्क सोडलेले) आणि पब्लिक डोमेन (ज्यावर कोणाचाच कॉपीराइट नाही) बिनधास्त घ्या. सीसी बाय (‘बाय’ म्हणजे श्रेय द्या) असेल तर फोटोग्राफरचं नाव द्यायचं, लायसन्सचा उल्लेख करायचा. मी चित्राशेजारच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहिते. बाय-एसए (एसए म्हणजे शेअर-अलाइक, ‘तसंच पुढे वाटा’) दिसलं की मी थांबते. त्यावरून बेतलेलं चित्र लोकांपुढे आणलं तर आपल्यालाही तेच लायसन्स लावावं लागतं, म्हणजे त्याचे प्रिंट काढून कोणीही विकू शकतो. सरावाला ठीक, विकायच्या चित्राला नको. आणि फोटो डाउनलोड करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, कारण साइटींचे नियम बदलतात. अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या साइटने २०१७ मध्येच सीसी झीरो सोडून स्वतःचं लायसन्स आणलं.

अलीकडे ठिकठिकाणी एआयने बनवलेले खोटे देखावेही घुसलेत. पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या झाडाशी जुळतंय का, एवढं बघून घ्या.

एक खजिना सांगायचा राहिला. अमेरिकी सरकारच्या इंटिरियर खात्यासाठी (सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं खातं) अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकी फोटोग्राफरने १९४१-४२ मध्ये काढलेले निसर्गाचे फोटो पब्लिक डोमेनमध्ये आहेत. सगळे कृष्णधवल, त्यामुळे रंगांचा मोह नाही, फक्त टोन, म्हणजे उजेड-काळोखाच्या पायऱ्या. टेटन डोंगर आणि स्नेक नदीचा १९४२ चा फोटो मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ४बी पेन्सिलने करते, पाच टोन, दहा मिनिटं. डोळे बारीक केले की गडद झाडीतून वळत जाणारी नदी चकाकते आणि डोंगर मागे सरकतो. आजवर नऊ वेळा केलंय. नदीचं दुसरं वळण अजूनही रस्त्यासारखं सपाट येतं.