लोह-प्लॅटिनमची फिल्म: गर्दीतली की रांगेतली?

पाषाणच्या टपरीवर धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, तुझी न तापवलेली फिल्म (म्हणजे धातूचा अतिपातळ थर) आणि तापवलेली फिल्म, दोन्हीत धातू तेच, प्रमाणही निम्मं-निम्मं, मग चुंबकत्व वेगळं कसं?"

साध्या तापमानाला स्पटरिंग केलं (म्हणजे आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून पृष्ठभागावर बसवले) की लोह आणि प्लॅटिनमचे अणू स्वारगेटच्या बसमधल्या गर्दीसारखे, जागा मिळेल तिथे बसतात. ही फिल्म चुंबकीयदृष्ट्या मऊ. चुंबकत्व फिल्मच्या पातळीत आडवं पडतं, थोड्या क्षेत्रानेही वळतं. सेन्सरसाठी एक वेळ चालेल, माहिती साठवायला नाही.

तीच फिल्म ५००-६०० अंश सेल्सिअसला तापवली की एक थर लोहाचा, एक प्लॅटिनमचा, ढोलपथकासारख्या ओळी. अणूंच्या रचनेतल्या घनाची एक बाजू जवळपास ४ टक्के आखूड होते आणि त्याच दिशेला चुंबकत्व घट्ट धरलं जातं. खरी करामत प्लॅटिनमची: त्याच्या जड अणूतलं स्पिन-ऑर्बिट कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फिरकीची आणि अणूभोवतीच्या फिरण्याची सांगड, जबर असतं. चुंबकत्वाची दिशा बदलायला लागणारी ऊर्जा घनमीटरला सुमारे ७० लाख ज्यूल! म्हणून काही नॅनोमीटरचा कणही डिस्कवरचा बिट टिकवतो.

माझा कौल रांगेलाच. पण भट्टीत कण फुगतात, एकमेकांना चिकटतात. माझी पहिली फिल्म तर नुसत्या सिलिकॉनवर होती. खाली कणांना एका दिशेला लावणारा मॅग्नेशियम ऑक्साइडचा थरच नव्हता. ओळी लागल्या, पण प्रत्येक कणाचं तोंड भलतीकडे.