जो पिस्टन बदललाच नाही, त्याचे ५,४०० रुपये

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला त्या रात्री आमच्या गोठ्यावर लिंबाची फांदी मोडून पडली. शेत मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. मी राहतो सोलापुरात. सकाळी पोहोचलो तर पत्रे वाकलेले, म्हैस कोपऱ्यात अंग चोरून उभी आणि फांदी अशी जाड, की कुऱ्हाडीनं दोन दिवस गेले असते. वडिलांनी घेतलेलं लाकूड कापायचं चेनचं कटर मशीन आठ महिने खोलीत पडून होतं. टाकीत जुनं पेट्रोल तसंच होतं. चार-पाच वेळा दोरी ओढल्यावर ते चालू झालं, स्लोला छान चालायलाही लागलं. पण रेस दिली की घुसमटायचं, आवाज खाली बसायचा आणि बंद. पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच.

गोठा उघडा पडलेला, त्यामुळे मी घाईत होतो. त्याच दिवशी मशीन गाडीवर बांधून सोलापुरात आणलं आणि एका दुरुस्तीच्या दुकानात टाकलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. मालकानं दोरी दोनदा ओढली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मालक, पिस्टन गेलंय बघा. उद्या खोलून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक पिस्टन हातात दिला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत खोल ओरखडे, रिंग चिकटलेली. "हे तुमचं. सिलेंडरपण खराब झालाय." पिस्टन बघून माझं तोंडच बंद झालं. वडील गेल्यापासून मशीनकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, म्हणून मला ते खरंही वाटलं. पिस्टन-सिलेंडरच्या किटचे ५,४०० आणि मजुरी ८००, असे ६,२०० रुपये मी रोख दिले. पावती म्हणजे वहीतून फाडलेलं पान, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही. जुना पिस्टन मागितला तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला. मी गप्प बसलो.

दुकानात त्यानं मशीन चालू करून दाखवलं तेव्हा ते रेसला चांगलं बोललं होतं. शेतात नेलं, फांदीला लावलं आणि दुसऱ्या मिनिटाला तीच घुसमट. परत सोलापूर. आता म्हणे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, गेला. नवीन कार्बोरेटरचे १,९०० रुपये, हे मी फोनवरून भरले. परत शेत, परत तेच. गोठ्यावर तोपर्यंत ताडपत्री बांधली होती आणि वरून वळीव रोज संध्याकाळी येत होता.

आमचे एक चुलते, तात्या, सोलापूरच्या नरसिंग गिरजी कापड मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून वीस वर्षं उलटून गेली, पण हात अजून तसाच आहे. खरं तर मी आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं. त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि आधी विचारलं, "स्लोला चालतंय ना? मग पिस्टन कसा जाईल एकदम?"

त्यांनी स्विच बंद केला, प्लगची टोपी काढली आणि दोरीची मूठ धरून मशीन नुसतं हवेत लोंबकळत सोडलं. मशीन हळूहळू, अडखळत खाली आलं. "दाब आहे. दाब नसता तर सरळ खाली गेलं असतं." यातून सगळं कळतं असं नाही, पण मोठा खर्च करण्याआधी ही परीक्षा कुणीही करू शकतं आणि तिला एक पैसा लागत नाही.

मग त्यांनी मला जे समजावलं ते इथे नीट लिहितो, कारण माझे पैसे हे माहीत नसल्यामुळेच गेले. स्लोला इंजिनाला थेंबभर पेट्रोल पुरतं. रेस दिली की एकदम जास्त लागतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत वाट कुठेही अरुंद झाली असेल, तर स्लोला काही कळत नाही आणि रेसला इंजिन उपाशी राहतं. धूर बाहेर जायच्या वाटेचंही तसंच. थोडा धूर कसाही निघतो, जास्त झाला की कोंडतो. म्हणून रेसला घुसमटणाऱ्या मशीनमध्ये आधी एअर फिल्टर, पेट्रोलची वाट आणि सायलेन्सर बघायचा. पिस्टन नंतर.

एअर फिल्टर ठीक होता. चेनचा ब्रेक मोकळा होता. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, फरक नाही. म्हणजे टाकीला हवा मिळत होती. मग मशीन चालू करून त्यांनी रेस देता देता चोक थोडा ओढला आणि मशीन उचललं. पूर्ण नाही, पण उचललं. "पेट्रोल कमी पडतंय." त्या क्षणी मला दुकानातली एक गोष्ट आठवली. मला रेस करून दाखवताना त्या माणसाचा अंगठा सगळा वेळ चोकच्या काडीवर होता. मला तेव्हा ती त्याची धरायची सवय वाटली.

तात्यांनी वाकवलेल्या तारेनं टाकीतून पेट्रोलचा फिल्टर बाहेर ओढला. तो काळपट आणि चिकट झाला होता. पाइप टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर पडतो, तिथे बोटानं ताणल्यावर चीर उघडली. पेट्रोलबरोबर तिथून हवा ओढली जात होती. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या ऊस कारखान्यांतून जातं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण ते हवेतला ओलावा धरतं. महिनोन् महिने टाकीत राहिलं तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि फिल्टर असतो नेमका तळाला. जुन्या रबरी पाइपालाही ते मानवत नाही. मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायला हवं होतं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

पाइप आणि फिल्टर मिळून २२० रुपये लागले. मशीन बरंच सुधारलं, तरी शेवटची ताकद येईना. तेव्हा तात्यांनी सायलेन्सर काढायला घेतला. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीनं जवळजवळ बुजली होती. आमच्याकडे गडी पेट्रोलमध्ये अंदाजानं ऑइल ओतायचा, तेही स्कूटरचं. आमच्या मशीनच्या पुस्तकात १:५० लिहिलंय, म्हणजे लिटरला २० मिली. त्याच्या दुप्पट-तिप्पट जायचं. जाळी तारेच्या ब्रशनं घासून साफ केली.

आणि सायलेन्सर निघाल्यावर समोर धुराचं भोक उघडं पडलं. त्यातून पिस्टन दिसतो. तात्यांनी बॅटरी मारली, दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावलं. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक रेघा अजून होत्या. ओरखडा एकही नाही. डोक्यावर मात्र जुनी, जाड, तपकिरी काजळी. अर्धा तास चाललेल्या नव्या पिस्टनवर एवढी काजळी बसत नाही. सिलेंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये तेलकट भुसा दगडासारखा घट्ट बसलेला. खालच्या चारही बोल्टच्या खोबणीत मळ तसाच. ॲलन पाना आत गेला असता तर तो आधी कोरून काढावा लागला असता.

"हे कुणी खोललंच नाही रे," तात्या म्हणाले.

मला दाखवलेला पिस्टन दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचा होता. असा एक खराब पिस्टन ठेवला की तो कितीही गिऱ्हाइकांना दाखवता येतो. कार्बोरेटर मात्र खरंच बदलला होता. माझा चांगला, मूळचा वॉल्ब्रो कंपनीचा काढून घेतला आणि नाव नसलेला नकली बसवला. त्याचा एच स्क्रूही, म्हणजे रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा स्क्रू, त्यानं आत पिळून ठेवला होता. त्यामुळे पेट्रोल कमी जातं आणि बिनओझ्याचा आवाज चिरका, जोरदार वाटतो. पण या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तसंच दिवसभर कापत राहिलो असतो तर चांगला पिस्टन खरोखर ओरखडून जाम झाला असता. तात्यांनी स्क्रू थोडा बाहेर घेतला. आता पूर्ण रेसला नुसतं धरलं तर आवाज जरा फडफडतो आणि लाकडात घातलं की साफ होतो. तो असाच असायला हवा.

आम्ही दोघं दुकानात गेलो. मालक आधी म्हणाला, काम पोऱ्यानं केलंय, मला माहीत नाही. पोरगा तिथेच खाली मान घालून उभा होता, पंधरा-सोळा वर्षांचा. त्याच्याकडे बघून मला जास्त वाईट वाटलं. तात्यांनी सायलेन्सर काढलेल्या भोकातून फोननं काढलेले फोटो पुढे ठेवले. बरीच बोलाचाली झाल्यावर मालकानं २,५०० परत दिले. कार्बोरेटर सापडत नाही म्हणाला. उरलेल्या पैशांसाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. अडचण पुराव्याची आहे. फोनवरून भरलेल्या १,९०० रुपयांची नोंद आहे, रोख दिलेल्या ६,२०० चं माझ्याकडे ते फाडलेलं पान तेवढं आहे.

तुमचं मशीन रेसला घुसमटत असेल आणि कुणी पिस्टन गेला म्हणालं, तर त्याला एवढंच सांगा: सायलेन्सरचे बोल्ट माझ्यासमोर काढा आणि पिस्टन मशीनमध्येच दाखवा. हातात आणून दिलेला पिस्टन बघून हो म्हणू नका. मशीन टाकण्याआधी सिलेंडरचा आणि कार्बोरेटरचा जवळून फोटो काढून ठेवा. माझ्याकडे असा आधीचा एकही फोटो नव्हता.

फांदी पावणेदोन तासांत कापून झाली. माझ्या जुन्या कार्बोरेटरचा डाव्या बाजूचा कान थोडा तुटलेला होता आणि वडिलांनी तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. सोलापुरात कुणाला असा कार्बोरेटर जुना म्हणून विकत मिळाला असेल, तर कृपा करून सांगा. मी त्याचे पैसे देऊन परत घेईन.