जिकोला चार तारे, सोबतच्या कागदाला शून्य

स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. नैरोबीत राहायला आल्यावर मराठी डोक्याला हा पहिला झटका बसतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोपऱ्यावरची मामा सारखी येणार आहे, ती बाई आहे, आणि ती मला दादा म्हणते.

तर वस्तू आहे जिको, केनियातली कोळशाची शेगडी. ऐन रविवारी गॅस संपला, वांग्याचं भरीत अडलं, म्हणून कामुकुंजीला जाऊन घेऊन आले. कामुकुंजी म्हणजे पत्रा ठोकणाऱ्यांचा मोहल्ला. पेट्या, कढया, ढकलगाड्या सगळं तिथे बनतं, आणि कानात दडे बसतात. उन्हातान्हात उघड्यावर काम चालतं म्हणून या कारागिरांना 'जुआ काली', म्हणजे कडक ऊन, असंच नाव पडलंय. भाव १,२०० शिलिंगांवरून सुरू झाला, ७०० ला सुटली.

आकार थेट डमरूचा. वरच्या अर्ध्यात भाजलेल्या मातीचं भांडं बसवलेलं, खालच्या अर्ध्यात राख पडायला जागा आणि हवेसाठी छोटं दार, दोन बाजूंना दोन कड्या. पूर्वीची जिको नुसत्या पत्र्याची असायची. तिची बरीचशी आच बाजूंनीच निघून जायची आणि शेजारी बसलेली बाई शेकून निघायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून कल्पना घेऊन हे मातीचं अस्तर आलं. साधी गोष्ट, पण कोळसा खरंच वाचतो. इथे कोळसा 'गोरोगोरो'ने मोजतात, म्हणजे तुपाचा दोन किलोचा रिकामा डबा. एका डब्यात माझी तीन वांगी भाजून झाली, सहा भाकऱ्या झाल्या, चहा झाला आणि तरी निखारे उरले. भरताला जो वास आला तो गॅसवर जन्मात येणार नाही.

तक्रारी दोन. भांडं टेकवायचे तीन कान आहेत, त्यातला एक ढिला, त्यामुळे दुधाचं छोटं पातेलं कलंडतं. आणि पहिल्याच दिवशी मी मोठी आच दिली, तर मातीला केसाएवढी चीर गेली. ही चूक माझी, नवी शेगडी आधी मंद तापवून घ्यायची असते. बंद खोलीत मात्र कधीही पेटवू नका. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपेत जातो.

आता दुसरी शेगडी. ही माझी नाही. कोपऱ्यावर चहा, चपाती आणि गिथेरी (मका आणि राजम्याची उसळ) विकणाऱ्या मामाला एका कंपनीच्या लोकांनी अगदी नाममात्र पैशात दिली. दिसायला देखणी, गुळगुळीत, पोटावर क्रमांकाची पट्टी. कोळसा जिकोपेक्षाही कमी खाते, हे मामाही मान्य करते. पण तोंड एवढंसं, की तिची गिथेरीची मोठी सुफुरिया (पातेलं) त्यावर बसतच नाही. मग सकाळी चहा नव्या शेगडीवर आणि गिथेरी जुन्या जिकोवर, अशा दोन्ही पेटतात. शेगडी ज्याने आखली त्याने चाळीस गिऱ्हाइकांचं जेवण कधी उकळलेलं नसावं.

महिन्याभराने एक मुलगा मोबाइल घेऊन आला. शेगडीशेजारी मामाला उभं करून फोटो काढला आणि विचारलं, जुनी वापरतेस का? मामा म्हणाली, नाही. का म्हणालीस, असं मी नंतर विचारलं. "शेगडी काढून नेली तर, दादा?"

माझं पोटापाण्याचं काम हिशेबाचं. त्यामुळे तिने सही केलेला इंग्रजी कागद मी शेवटपर्यंत वाचला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं: या शेगडीमुळे जे उत्सर्जन घटेल त्यावरचे सगळे हक्क कंपनीकडे. हे मी तिला समजावून सांगितलं, तर ती चपाती लाटता लाटता थांबली. "म्हणजे माझ्याकडे जो धूर झालाच नाही, तो त्यांनी विकला?"

हो मामा, तोच. न झालेल्या धुराचे टन मोजतात, त्याचे कार्बन क्रेडिट होतात, आणि दूरच्या देशातली एखादी कंपनी ते विकत घेऊन आपला धूर फेडला म्हणते. २०२४ च्या जानेवारीत 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये एक अभ्यास आला. त्यात तपासलेल्या शेगडी प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे नऊ पट क्रेडिट दाखवले होते. नवी शेगडी किती वापरली आणि जुनी किती सुटली, हे फुगवून धरणं हे त्याचं एक कारण. मामाचं ते 'नाही' अशाच एखाद्या रकान्यात जाऊन बसलं असणार. माझ्या ऑफिसात कुणी अशी खतावणी लिहिली तर ऑडिटर दारात उभा राहील.

आफ्रिकेतल्या स्त्रीवादी बायका हे कधीपासून सांगतायत. जोहान्सबर्गच्या 'वोमिन'सारख्या संघटना अशा कार्बन बाजाराला सरळ 'खोटे उपाय' म्हणतात. जगाच्या उत्सर्जनात या अख्ख्या खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आत, आणि काटकसर कुणी करायची, तर चुलीपुढच्या बाईने. सप्टेंबर २०२३ मध्ये इथे आफ्रिका हवामान परिषद भरली तेव्हा आत कार्बन बाजाराचे गोडवे गायले जात होते आणि बाहेर रस्त्यावर त्याच्या विरोधात मोर्चा होता. त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकून मी दोघांनाही शिव्या घातल्या होत्या, हे कबूल करते.

कागदावर सगळं छान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या मूळ हवामान करारात बायकांचा उल्लेखसुद्धा नव्हता. मग २०१४ ला लिमातल्या हवामान परिषदेत लिंगभावाचा कार्यक्रम आला, २०१७ ला बॉनमध्ये पहिला कृती आराखडा, २०२५ ला बेलेममध्ये नवा. या सगळ्यात बाई बहुतेक वेळा दोनच रूपांत येते: बिचारी पीडित, नाहीतर पृथ्वी वाचवणारी देवी. पाणी भरण्याचे, सरपणाचे, आजारी माणसाजवळ बसण्याचे तिचे तास कुठल्या खात्यात धरायचे, हा प्रश्न आला की फाइल मिटते. हवामानाच्या नावाने येणाऱ्या पैशातही कर्जाचा वाटा मोठा. ते फेडायला सरकार दवाखान्यावरचा खर्च कापतं, आणि मग दवाखान्याचं काम पुन्हा घरातल्या बाईकडे येतं. इथे २०२४ च्या अर्थविधेयकात पर्यावरणाच्या नावाने 'इको लेव्ही' हा कर घातला होता, तेव्हा डायपर आणि सॅनिटरी पॅड महागणार म्हणून केवढा गदारोळ झाला. पुढे आंदोलन पेटलं आणि ते विधेयकच मागे घ्यावं लागलं.

मला सगळ्यात आवडतो तो २००३ चा मापुटो प्रोटोकॉल, आफ्रिकी देशांनी स्वतः लिहिलेला बायकांच्या हक्कांचा करार. त्याच्या अठराव्या कलमात ऊर्जेची नवी साधनं बायकांना मिळावीत एवढंच नाही, तर त्यांच्या नियंत्रणातही बायकांचा सहभाग असावा असं म्हटलंय. मिळणं आणि हातात असणं यात फरक आहे, हे शेगडीच्या तोंडाएवढं स्पष्ट. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांच्या झाडं लावण्याच्या ग्रीन बेल्ट चळवळीत १९७७ पासून हेच तर होतं: रोपं बायकांनीच वाढवायची, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे थोडे का होईना, पैसे त्यांच्याच हातात.

तर माझे तारे असे. कामुकुंजीची जिको, पाचपैकी चार; एक त्या ढिल्या कानासाठी कापला. कंपनीची शेगडी, शेगडी म्हणून तीन. तिच्यासोबतच्या कागदाला शून्य, आणि त्याची प्रत स्वाहिलीत न दिल्याबद्दल त्याच्याही खाली काही देता आलं असतं तर दिलं असतं.

घेणाऱ्यांसाठी: शनिवारी कामुकुंजीला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. घेताना मातीच्या भांड्यावर बोटाने टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. चीर वाढली तर अख्खी जिको टाकायची गरज नाही, नुसतं अस्तर बदलून मिळतं. माझं आता बदलायला झालंय. मामापण येणार आहे सोबत, तिला तिथल्या कारागिराला विचारायचंय की कंपनीच्या शेगडीचं तोंड कापून मोठं करता येईल का.