जेआरएफ की प्रीडॉक?

धुळ्याची पुतणी अर्थशास्त्रात एमए झाली. विकास-अर्थशास्त्रात संशोधन करायचंय; जेआरएफ (सरकारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळवून जळगावच्या विद्यापीठात पीएचडी धरावी की आधी परदेशी प्राध्यापकाकडे प्रीडॉक (पीएचडीआधीचं संशोधन सहायकाचं काम) करावं, यात अडकलीय.

पैसा: जेआरएफला महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्तीला) ४२,०००, वर घरभाडे भत्ता. धुळे-जळगावात निभतं. प्रीडॉक म्हणजे पगारी नोकरीच. अमेरिकेत आकडा मोठा दिसतो, पण घरभाडंच बरंच गिळतं.

प्रवेश: जेआरएफसाठी नेट ही एकच राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा. प्रीडॉकला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर वापरून डेटाची चाचणी, मुलाखत. खरी मेख शिफारसपत्रांत! तिकडे ओळखला जाणारा प्राध्यापक आपल्या कॉलेजांत कुठून आणायचा? म्हणून मधली वाट सांगतो: जे-पॅल साउथ एशियासारख्या, गरिबीवरच्या उपायांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत रिसर्च असोसिएट. काम भारतातच, सर्वेक्षणाचं. अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वावरलेल्याला ते जड जात नाही.

हाती काय: प्रीडॉक एक-दोन वर्षांचं, पदवी नाही, अनुभव आणि वजनदार पत्र.

परदेशी पीएचडीच हवी, कोडिंगची आवड असेल तर प्रीडॉक. इथेच प्राध्यापकी करायची असेल तर सरळ नेटला बसावं.