मंदीत विरोधकानं बोलावं कसं: रूझवेल्ट की थॅचर?

महागाई-बेकारीच्या दिवसांत विरोधी उमेदवाराची भाषणं लिहायची म्हटलं की दोन नमुने हटकून पुढे येतात. १९३२ चे अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि १९७८-७९ च्या ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर. निवडणूक दोघांनीही जिंकली. मी दोन्ही वळणांनी लिहून पाहिलंय.

थॅचरबाईंचं ते पोस्टर नजरेत भरतं. बेकारांच्या कचेरीबाहेर नागमोडी रांग आणि वर तेव्हा सत्तेत असलेल्या लेबर पक्षाला टोला हाणणारी एकच ओळ. साची अँड साची या जाहिरात कंपनीचं काम. रांगेतली माणसं म्हणजे थॅचर यांच्या हुजूर पक्षाचेच तरुण कार्यकर्ते होते. अर्थमंत्री डेनिस हीली त्यावरून तुटून पडले आणि पोस्टरचा उलट जास्तच बोलबाला झाला. हाताशी दिवस कमी असतील आणि सत्ताधाऱ्यांवर लोक आधीच चिडलेले असतील, तर ही पद्धत लवकर लागू पडते, हे मान्य.

मला मात्र तिची एक गोष्ट फार खटकते. आमच्या निफाड भागात कांद्याचे भाव कोसळले की बाजार समितीच्या प्रचारात अशी भाषणं जोरात चालतात. टाळ्या पडतात. मग मागून कुणीतरी म्हातारबाबा विचारतात, "ते झालं, पण तुम्ही काय करणार ते सांगा ना." वक्ता पुन्हा सत्ताधाऱ्यांवर घसरतो आणि माणसं चपला शोधायला लागतात. थॅचर यांचा जाहीरनामा होता, नाही असं नाही. पण लोकांच्या डोक्यात राहिली ती रांगच. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत, १९८२ मध्ये, बेकारांचा आकडा ३० लाखांपुढे गेला.

रूझवेल्ट यांचं ७ एप्रिल १९३२ चं रेडिओ भाषण जेमतेम दहा मिनिटांचं. उतरंडीच्या तळाशी विसरला गेलेला माणूस त्यात आहेच, पण त्याच्या पाठोपाठ कामंही येतात: शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळवणं, गहाण पडलेली घरं वाचवणं, छोट्या बँकांना आधार, आयात जकातीची फेरमांडणी. त्यांच्याच पक्षातले अल स्मिथ हे ऐकून भडकले होते. पण ज्याच्या घरावर जप्ती येऊ घातलीय, त्याला आपल्याबद्दल काय ठरतंय ते कळतं. म्हातारबाबांचा प्रश्न तिथं उरत नाही.

हा नमुनाही अगदी निर्दोष नाही. ऑक्टोबरात पिट्सबर्गला त्यांनी सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचं वचन दिलं, ते पुढे त्यांना जड गेलं. त्यामुळे कामं सांगावीत, टक्केवारी जपून, असं आपलं माझं मत. नुसते फलक लावायचे असतील तर थॅचर चालतील. सभा घ्यायच्या असतील, तर ते एप्रिलचं भाषण आधी वाचा.