आयएनए१२८: ४० व्होल्टला जळत नाही, पण १३ च्या पुढे मोजतही नाही

आयएनए१२८ ही इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, म्हणजे दोन इनपुटांमधला बारीक फरक मोठा करून देणारी चिप. लोडसेल, स्ट्रेनगेज, थर्मोकपल असल्या सेन्सरांच्या मिलिव्होल्टी सिग्नलसाठी ती आजही डोळे झाकून घ्यावी. मूळची बर-ब्राउनची, आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. चांगल्या ग्रेडमध्ये ऑफसेट (इनपुटचा फरक शून्य असतानाही उरणारी चूक) जास्तीत जास्त ५० मायक्रोव्होल्ट, चिपला लागणारा करंट जेमतेम ७०० मायक्रोअँपिअर, आणि गेन (फरक किती पट करायचा ते) ठरवायला एकच रेझिस्टर: ५० किलोओहमला त्याने भागा आणि १ मिळवा. बहुतेक लोक फसतात ते इनपुट व्होल्टेजच्या मर्यादेवर.

डेटाशीटमध्ये ±४० व्होल्ट हा आकडा दिसतो. तो फक्त जिवंत राहण्याचा आहे. एका पिनवर +४० आणि दुसरीवर −४० आले, अगदी सप्लाय बंद असताना आले, तरी आतलं संरक्षण करंट १.५ ते ५ मिलिअँपिअरवर रोखून धरतं. उत्तम सोय आहे. पण मोजमापासाठी प्रत्येक इनपुट सप्लायच्या दोन्ही टोकांपासून २ व्होल्ट आत हवा. ±१५ वर म्हणजे ±१३. एकट्या ५ व्होल्टवर चालवली तर उरतात २ ते ३, म्हणजे फक्त १ व्होल्टची खिडकी. १० व्होल्ट दिलेल्या लोडसेलच्या सिग्नलच्या दोन्ही तारा ग्राउंडपासून ५ व्होल्टवर असतात. म्हणून ±५ च्या सप्लायवर तो जोडला की रीडिंग भलतंच येतं. त्यात लोडसेलचा काही दोष नसतो.

तिसरी मर्यादा आत लपलेली आहे, आणि खरा घोळ तीच घालते. आतले पहिले दोन ॲम्प्लिफायर कॉमन-मोड व्होल्टेजच्या (दोन्ही इनपुटांच्या सरासरीच्या) वर-खाली आउटपुटच्या निम्म्याने सरकतात. समजा सप्लाय ±१५, गेन १००, इनपुट ११.०५ आणि १०.९५. दोन्ही १३ च्या आत आहेत. आउटपुट १० यायला हवं, पण त्यासाठी आतल्या एकाला ११ अधिक ५, म्हणजे १६ व्होल्टवर जावं लागेल. सप्लायच १५ चा, तेव्हा तो वरती चिकटतो आणि आउटपुट कमी येतं.

याहून वाईट म्हणजे दोन्ही इनपुट इतके वर गेले की आतले दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच टोकाला चिकटतात, दोघांतला फरक शून्य होतो आणि आउटपुट शांतपणे ० दाखवतं. म्हणून दोन्ही इनपुट एकत्र जोडून ‘शून्य येतंय, म्हणजे ठीक’ ही चाचणी इथे कामाची नाही. १० मिलिव्होल्टचा ठरावीक फरक द्या, कॉमन-मोड हळूहळू वाढवा, आणि १०० च्या गेनला आउटपुट १ व्होल्टवरून कुठे ढळतं ते पाहा. शंका असेल तर मीटर १ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये लावा. तिथला फरक इनपुटच्या फरकाइतकाच हवा. तो नसेल तर चिप मर्यादेबाहेर गेली आहे.

थर्मोकपल तरंगता ठेवू नका. बायस करंट (इनपुट पिनांतून वाहणारा बारीक करंट) काही नॅनोअँपिअरचाच असतो, पण त्याला परतीची वाट नसली की इनपुट सरकत सरकत मर्यादेबाहेर जातात. एका तारेवरून ग्राउंडला १० किलोओहम लावलं की काम होतं. रेफ पिनला (आउटपुटचं शून्य कुठे धरायचं ते ठरवणाऱ्या) व्होल्टेज द्यायचं असेल तर मध्ये ऑपॅम्पचा बफर घाला, नुसता रेझिस्टरचा डिव्हायडर नको. तिथे ८ ओहम आले तरी गेन १ ला कॉमन-मोड रिजेक्शन (दोन्ही इनपुटांवरचं समान व्होल्टेज गाळण्याची ताकद) ८० डेसिबलच्या आसपास घसरतं.

२४ व्होल्टच्या लाइनवरचा शंट (करंट मोजण्यासाठी लावलेला छोटा रेझिस्टर) मोजायला ही चिप घेऊच नका. ±४० पाहून घेणारे इथेच अडकतात. त्या कामाला आयएनए२४० घ्या: सप्लाय ५ व्होल्टचा, आणि कॉमन-मोड −४ ते ८० पर्यंत चालतं. शेकडो व्होल्टवर काम असेल तर एडी६२९ आहे, ±१५ सप्लायवर ±२७० पर्यंत. मात्र तिच्या साध्या ग्रेडचा ऑफसेट १ मिलिव्होल्टपर्यंत असतो, त्यामुळे ५० मिलिव्होल्टच्या शंटवर २ टक्क्यांची चूक तिथेच धरून चला.